चौघांतल्या तिघांनी प्री-ऑर्डर केली, आता चौथीने काय करायचं?

ताई,

मी, माझा धाकटा भाऊ आणि कॉलेजपासूनचे दोन मित्र असे आम्ही चौघं दर शुक्रवारी रात्री एक ऑनलाइन को-ऑप, म्हणजे एका बाजूने मिळून खेळायचा, गेम खेळतो. चौघं चार गावांत असल्यामुळे खरी भेट होते ती तिथेच. आता त्या गेमचं मोठं एक्सपान्शन (विकतचा नवा भाग) जाहीर झालंय आणि तिघांनी सगळ्यात महागडी आवृत्ती प्री-ऑर्डर करून टाकली आहे. तीन दिवस आधी खेळायला मिळणार, शिवाय वर्षभरात येणाऱ्या नव्या गोष्टींचा सीझन पास आणि काही स्किन्स (पात्रांचे वेश). मी नुकतीच नोकरी बदलली आहे, हात जरा आखडता आहे. आणि खरं सांगायचं तर आधीच्या डीएलसीतलं, म्हणजे मूळ गेमला जोडायच्या विकतच्या भागातलं, निम्मं मी अजून खेळलेच नाहीये. ग्रुपवर मी "बघते" म्हणत वेळ मारून नेते आहे. भाऊ म्हणतो, "मी गिफ्ट करतो, नाहीतर फॅमिली शेअरिंगवर खेळ." एक मित्र म्हणतो, डीएलसी नसेल तर तुला आमच्याबरोबर खेळताच येणार नाही. त्यात मी रोज रात्री गेमिंगच्या बातम्या बघत बसते. तिथे कुणीतरी सांगतं की हे शेवटचं एक्सपान्शन, यानंतर सर्व्हर बंद. मग पैसे घालायचे कशाला? आणि नाही घातले तर मी या चौकडीतून बाहेर पडेन का?

— चौथी

प्रिय चौथी,

प्री-ऑर्डर करू नकोस. भावाचं गिफ्टही आत्ता घेऊ नकोस. आणि येत्या शुक्रवारी, मिशन सुरू होण्याआधी, चौघंही लॉबीत (खेळाआधी जमायच्या जागी) असताना सांगून टाक की हे मी आत्ता घेणार नाहीये. "बघते" हा शब्द तेवढा बंद कर. त्यातून तिघांना काहीच कळत नाही, मग जो तो आपापला अर्थ लावतो. एकाला वाटतं तू घेणारच आहेस, भावाला वाटतं तुझ्याकडे पैसे नाहीत, आणि तिसऱ्याला वाटतं तुझा खेळातला रसच संपला. खरी गोष्ट या तिन्हींपेक्षा साधी आहे. पैसे आत्ता जपून वापरायचे आहेत आणि आधीचं घेतलेलं अजून संपलेलं नाही. यात लपवण्यासारखं काय आहे?

आता मित्राचं म्हणणं. डीएलसी नसेल तर बरोबर खेळता येत नाही, हे काही गेम्सच्या बाबतीत खरं आहे, काहींच्या बाबतीत अर्धंच, आणि काहींच्या बाबतीत साफ चुकीचं. त्याने कुठेतरी वाचलं असेल किंवा गृहीत धरलं असेल. तू मात्र त्यावर विसंबू नकोस.

२०१३ सालच्या पेडे २ या गेमचं उदाहरण घे. त्यात नव्या दरोड्याचं डीएलसी फक्त होस्टकडे, म्हणजे खेळ भरवणाऱ्याकडे, असलं तरी पुरतं, बाकीचे त्याच्या लॉबीत शिरून तोच दरोडा टाकू शकतात. त्या डीएलसीतली हत्यारं वापरायची असतील तरच ते स्वतःकडे लागतं. पॅराडॉक्स कंपनीच्या युरोपा युनिव्हर्सालिस किंवा क्रूसेडर किंग्ज या गेम्समध्येही होस्टची डीएलसी त्या खेळापुरती सगळ्यांना लागू होतात. एकाने घ्यावं, चौघांनी खेळावं. मॉन्स्टर हंटर: वर्ल्डचा मामला मधला आहे. २०१९ साली आलेल्या आइसबॉर्न या एक्सपान्शनमधल्या मास्टर रँकच्या (सगळ्यात वरच्या पातळीच्या) मोहिमा ज्याने ते घेतलंय त्यालाच खेळता येतात, पण लो रँक आणि हाय रँकच्या जुन्या शिकारींना सगळे एकत्र जाऊ शकतात. म्हणजे पुढे गेलेले मित्र हवं तेव्हा मागे येऊ शकतात, मागे राहिलेल्याला मात्र पुढे जाता येत नाही. एल्डन रिंग सगळ्यात कडक. शॅडो ऑफ द अर्डट्रीच्या प्रदेशात तुला कुणी मदतीला बोलावायचं तर ते डीएलसी तुझ्याकडेही हवंच.

आणि एल्डन रिंगमधली पुढची अट तर तुझ्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. जून २०२४ मध्ये शॅडो ऑफ द अर्डट्री आलं, तेव्हा अनेकांनी पहिल्याच दिवशी घेतलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मूळ गेममधले राडान आणि मोग हे दोन बॉस, म्हणजे बडे शत्रू, हरवल्याशिवाय नव्या प्रदेशाचं दारच उघडत नाही. मोगपर्यंत पोचायचा रस्ताही आडबाजूचा. पैसे देऊन झाले, डाउनलोड झालं, आणि खेळाडू बाहेरच उभे! तू म्हणतेस आधीच्या डीएलसीतलं निम्मं बाकी आहे. तुमच्या गेमचं एक्सपान्शन आधीच्या कथेच्या शेवटापासून सुरू होतंय का, त्याला किमान लेव्हल लागते का, हे आधी बघ. लागत असेल तर आज घेऊनही पहिल्या शुक्रवारी तू त्यांच्याबरोबर नसणारच. म्हणजे सगळा वादच निकालात निघतो.

हे शोधायचं कुठे? ट्रेलरमध्ये नाही. गेमच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत को-ऑप, होस्ट, पार्टी हे शब्द शोध. तिथे उत्तर नसेल तर कंपनीच्या सपोर्टला एक ओळीचा प्रश्न पाठव: होस्टकडे एक्सपान्शन आहे आणि माझ्याकडे नाही, तर मी कोणकोणत्या मिशनमध्ये सामील होऊ शकते? जे उत्तर येईल ते तसंच ग्रुपवर टाक.

तू ज्या पेचात आहेस, त्याच पेचात मोठमोठ्या कंपन्या दहा वर्षं होत्या. त्यांनी त्यातून काय केलं ते तुझ्या कामाचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक काळ असा होता की मल्टिप्लेअर गेमचे नवे नकाशे, म्हणजे खेळायची मैदानं, विकत मिळायचे. मार्च २०१० मध्ये कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २ साठी स्टिम्युलस पॅकेज आलं. पाच नकाशे, १५ डॉलर, आणि त्या पाचांतले दोन तर जुन्या गेममधूनच उचललेले. तरी धडाधड खपलं. बॅटलफिल्ड ३ ने २०१२ मध्ये प्रीमियम नावाने पाचही एक्सपान्शन पॅकचा गठ्ठा बांधला. दुकानदाराच्या नजरेने बघितलं तर सगळं झकास. पण खेळणाऱ्याच्या बाजूने काय होत होतं? ज्याच्याकडे नवे नकाशे आहेत त्याला तसेच दुसरे खेळाडू हवेत, आणि ते थोडेच. सर्व्हरवर नकाशा बदलला की ज्याच्याकडे तो नाही तो बाहेर फेकला जायचा. मित्रांच्या टोळीत एकाने जरी पॅक घेतला नाही तरी बाकीचे एकतर त्याला सोडून खेळणार, नाहीतर पैसे मोजून घेतलेले नकाशे पडून राहणार. बहुतेक टोळ्या दुसरं करायच्या. काही महिन्यांत नव्या नकाशांच्या रांगेत माणूसच सापडेनासा व्हायचा. ज्यांनी पैसे भरले त्यांनाच रिकामी लॉबी!

२०१५ च्या अखेरीस आलेल्या रेनबो सिक्स सीजने नवे नकाशे सगळ्यांना फुकट द्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये टायटनफॉल २ ने तेच केलं. २०१५ च्या स्टार वॉर्स बॅटलफ्रंटला महागडा सीझन पास होता, पण २०१७ च्या दुसऱ्या भागात ईए या कंपनीने तो काढूनच टाकला. पैसे कुठूनतरी यायला हवेत, म्हणून त्यांनी लूट बॉक्स (आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्या) घातले, आणि त्यावरून जो गदारोळ उठला तो तुला आठवत असेल. गेम बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी त्यांना आतली खरेदी बंद करावी लागली. पुढच्या वर्षी बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही गेम्समधले पैशांचे लूट बॉक्स थेट जुगारात मोडतात असं ठरवलं. मग सगळे वळले बॅटल पासकडे, म्हणजे खेळत जाऊन बक्षिसं मिळवायच्या पासकडे. २०१९ ला मॉडर्न वॉरफेअर नव्याने आला तेव्हा नकाशे सगळ्यांना मोफत, आणि विकायला कपडे, रंग, नाच. लोक स्किन्सना नावं ठेवतात, मीही ठेवते. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. तुझ्या मित्राने सोनेरी शिरस्त्राण घेतलं आणि तू घेतलं नाहीस म्हणून तुम्ही दोघं वेगळ्या लॉबीत जात नाही.

न घेणारा खेळाडू हा घेणाऱ्याच्याही खेळाचा भाग असतो, हे कंपन्यांना हिशेबाच्या वहीतून कळलं. तुझ्या तिघांनी मात्र तुला न विचारता जुन्या नकाशा-पॅकसारखं काहीतरी करून ठेवलंय. दुष्टपणाने नव्हे, ट्रेलर बघून उत्साहात. मोठी एक्सपान्शन अजूनही विकतच मिळतात, ते स्वाभाविक आहे. कुणीतरी वर्ष-दोन वर्षं राबून ती बनवतं. पण चौघांनी मिळून खेळायची वस्तू घ्यायची तर निर्णयही चौघांचा हवा होता, आणि हे तू त्यांना न चिडता सांगू शकतेस. तू त्यांच्याकडे सवलत मागत नाहीयेस. तू नसलीस तर त्यांचीही चौकडी तिघांची होते आणि चौथ्या जागी दर शुक्रवारी कुणीतरी अनोळखी येऊन बसतो, मिशनच्या मध्यातच निघून जाणारा.

तीन दिवस आधी खेळायला मिळण्याबद्दल मला फारसं कौतुक नाही. ऑनलाइन गेमच्या मोठ्या एक्सपान्शनचे पहिले दिवस कसे जातात ते बघ. डिसेंबर २०२१ मध्ये फायनल फँटसी १४ चं एंडवॉकर आलं. प्री-ऑर्डरवाल्यांना चार दिवस आधी प्रवेश होता. त्यांनी ते दिवस घालवले लॉगिनच्या रांगेत. गर्दी इतकी झाली की स्क्वेअर एनिक्सने गेमची विक्रीच काही आठवडे थांबवली आणि सदस्यांना भरपाई म्हणून मोफत दिवस दिले. २०१२ मध्ये डायब्लो ३ च्या पहिल्या रात्री लाखो लोकांनी राक्षस पाहिले नाहीत, आत शिरू न देणारी एरर ३७ पाहिली. तुमच्या गेमचं असंच होईल असं मी म्हणत नाही. पण जास्त पैसे घेऊन जे तीन दिवस विकले जातात ते बहुधा गेमचे सगळ्यात कच्चे तीन दिवस असतात. पहिल्या-दुसऱ्या पॅचनंतर (दुरुस्तीनंतर) येणाऱ्याला तेच एक्सपान्शन जास्त नीट चालताना मिळतं, आणि काही महिने थांबलं तर बऱ्याचदा सवलतीतही.

तरीही ते तीन दिवस तिघं पुढे जातीलच. जाऊ देत. त्यांना एवढंच सांग की कथेचा शेवट ग्रुपवर ओतू नका.

भावाच्या गिफ्टबद्दल. धाकट्याने मोठ्या बहिणीला गेम द्यावा यात कमीपणा काहीच नाही, आणि पुढे कधी त्याने दिला तर आनंदाने घे. आत्ता नको म्हणते त्याचं कारण वेगळं आहे. तुझं नाही ऐकायची वेळ कुणावरच येऊ नये म्हणून हे गिफ्ट पुढे आलंय. ते घेतलंस तर पुढच्या प्रत्येक सीझनला हाच प्रसंग येणार, आणि तेव्हा तू "बघते" म्हणालीस की तो मुकाट्याने पैसे भरणार. त्याला म्हण, "महिनाभराने मला खरंच खेळावंसं वाटलं आणि तेव्हाही हात तंग असला, तर मी आपणहून तुझ्याकडे मागेन." भाऊ आहे, समजेल.

फॅमिली शेअरिंगचा त्याचा दुसरा तोडगा मात्र तुमच्या कामाचाच नाही. स्टीम या पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानावर कुटुंबाच्या गटात सहा जणांपर्यंत लोक एकमेकांचे गेम खेळू शकतात, पण एक प्रत एका वेळी एकालाच. तो शुक्रवारी रात्री त्या प्रतीवर खेळत असेल तर तू त्याच प्रतीवर त्याच्याबरोबर कशी खेळणार? शिवाय ती सोय एकाच घरात राहणाऱ्यांसाठी आहे, आणि उधारीच्या गेममध्ये कुणी चीटिंग केली तर मूळ मालकावरही बंदी येऊ शकते. तू चीटिंग करणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी नियम सांगून ठेवते. तुमच्या दोघांसाठी याहून चांगली गोष्ट आहे. २०२१ चा इट टेक्स टू दोघांनीच खेळायचा गेम आहे आणि त्यात फ्रेंड पास मिळतो. एकाने विकत घ्यायचा, दुसऱ्याने फुकट डाउनलोड करून अख्खा खेळायचा. त्याच कंपनीचा २०२५ चा स्प्लिट फिक्शनही तसाच. भावाला तुझ्यासाठी पैसे खर्च करायचेच असतील तर तिकडे करू दे. शुक्रवार सोडून एखादी रात्र तुम्हा दोघांची होईल.

आता रोज रात्रीच्या बातम्या. तू काय काय बघतेस ते लिहिलं नाहीस, पण अंदाज येतो. ट्रेलर, ट्रेलरची चिरफाड, लीक, लीकवरची प्रतिक्रिया, आणि "अधिकृत नाही पण सूत्रांकडून" असं म्हणणारा एक गृहस्थ. यातलं बहुतेक सगळं वाट बघणाऱ्यांना वाट बघत ठेवण्यासाठी असतं. सिल्कसाँग या गेमची गंमत आठव. मुळात ते हॉलो नाइट या गेमचं डीएलसी म्हणून सुरू झालं होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो स्वतंत्र गेम होणार असं जाहीर झालं आणि हातात पडला सप्टेंबर २०२५ मध्ये. मधल्या वर्षांत प्रत्येक मोठ्या कार्यक्रमाआधी लोक "आज सिल्कसाँग" म्हणत जागे राहिले. बनवणारे मोजकेच लोक शांतपणे काम करत होते, सांगण्यासारखं काही नव्हतं, तरी बातम्या रोज निघत होत्या! जीटीए ६ ची तारीखही आधी २०२५, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६ अशी सरकत गेली. दर वेळी तासन्‌तास चर्चा झाली आणि त्यातून कुणाच्या हातात एक मिनिटाचाही खेळ आला नाही.

तुझ्या निर्णयासाठी उपयोगी बातमी एकच: एक्सपान्शन आल्यानंतर, तू ज्या मशीनवर खेळतेस त्याच मशीनवर खेळणाऱ्यांनी काय सांगितलं. त्याच मशीनवर हे शब्द महत्त्वाचे आहेत. डिसेंबर २०२० मध्ये सायबरपंक २०७७ आला तेव्हा आधी छापून आलेली परीक्षणं पीसीवरची होती. कन्सोलची प्रत परीक्षकांना आधी दिलीच नव्हती. जुन्या कन्सोलवर गेम इतका वाईट चालला की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला आणि लोकांना पैसे परत दिले. पुढे तोच गेम सुधारला, २०२३ मध्ये फँटम लिबर्टी हे त्याचं एक्सपान्शन आलं आणि ते छानच आहे. पण पीएस ४ आणि एक्सबॉक्स वनसाठी ते निघालंच नाही. कौतुकाच्या बातम्या वाचून जुन्या कन्सोलवाल्याने हुरळून जावं, तर त्याच्यासाठी ती वस्तूच नाही.

सर्व्हर बंद होण्याच्या अफवेने तू जास्त घाबरली आहेस असं वाटलं. शेवटचं एक्सपान्शन आणि सर्व्हर बंद या दोन वेगळ्या घटना आहेत. गिल्ड वॉर्स या गेमचं शेवटचं एक्सपान्शन २००७ मध्ये आलं आणि त्याचे सर्व्हर अजून चालू आहेत. उलट कॉनकॉर्ड हा सोनीचा नवाकोरा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंदही झाला. दोन आठवडे! घेतलेल्या सगळ्यांना पैसे परत मिळाले, हे त्यातल्या त्यात बरं. म्हणजे नव्याजुन्यावरून काही ठरवता येत नाही.

भीती अगदीच निराधार आहे असंही नाही. युबिसॉफ्टचा द क्रू हा गाड्यांचा गेम २०१४ चा. बराचसा एकट्याने खेळता येणारा, पण सतत ऑनलाइन असावं लागणारा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि विकत घेतलेला गेम कुणालाच सुरू करता येईना. त्यातूनच स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली आणि २०२५ मध्ये तिच्या युरोपीय मागणीपत्राने १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. डेस्टिनी २ ने तर सर्व्हर चालू असतानाच, नोव्हेंबर २०२० मध्ये, लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या जुन्या मोहिमा गेममधून काढून ठेवल्या. याच्या उलट नॉकआउट सिटी हा गेम बनवणाऱ्यांनी २०२३ मध्ये सर्व्हर बंद करताना पीसीवाल्यांना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन निरोप घेतला. असं सगळ्यांनी करावं, पण करत नाहीत. आता निदान दुकानं खरं बोलू लागली आहेत. तू विकत घेतेस ती वस्तू नसून वापरायचा परवाना आहे, हे ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरण्याआधी स्पष्ट लिहितं.

मग पैसे घालावेत का? माझं मत सांगते, पटलं तर घे. जे आज आहे आणि या महिन्यात चौघं खेळणार आहात, त्यासाठी पैसे द्यायला हरकत नाही. पुढे कधी सर्व्हर बंद झाले तरी त्या शुक्रवारच्या रात्री खेळून झालेल्या असतील. सीझन पासचं तसं नाही. त्यात तू पुढच्या वर्षभरात बनणार असलेल्या गोष्टींचे पैसे आज देतेस आणि बनवणाऱ्याला विचार बदलायची मुभा असते. तुझा जीव जर बंद सर्व्हरच्या बातमीने घाबरा होत असेल, तर तुझ्यासाठी धोक्याची गोष्ट एक्सपान्शन नव्हे, सीझन पास आहे. तो घेऊ नकोस, पैसे आल्यावरही. एकेक डीएलसी आलं की बघून घे. त्यातच बॅटल पास येत असेल तर त्याला मुदत आहे का तेही बघ. हेलडायव्हर्स २ आणि हेलो इन्फिनिटमधले पास घेतल्यावर कायमचे तुझेच राहतात, सवडीने पूर्ण करता येतात. बहुतेक गेम्समध्ये मात्र सीझन संपला की पास गेला, आणि मग शुक्रवारचा खेळ सोमवार ते गुरुवारच्या कामासारखा होऊन बसतो.

शुक्रवारी बोलायचं काय, हे तुला सुचत नसेल तर साधारण असं म्हण: "मी एक्सपान्शन आत्ता घेत नाहीये. पैसे जपून वापरतेय आणि आधीचं डीएलसीही बाकी आहे. तुम्ही तीन दिवस आधी हवं तेवढं खेळा. शुक्रवारी मात्र एक आड एक जुन्या मिशनला याल का? म्हणजे माझं उरलेलं निम्मं संपेल, आणि महिनाभराने मी ठरवेन." यात माफी नाही, टोमणा नाही, आणि त्यांना हो म्हणायला सोपं आहे. शिवाय पुढे मागे असं काही घ्यायचं झालं तर आधी ग्रुपवर विचारायचं, आणि ज्याचा हात सगळ्यात आखडता असेल त्याच्या बेताने तारीख ठरवायची, हे तेव्हाच सुचव. आज तू आहेस, उद्या त्यातला दुसरा कुणी असेल.

ते नाहीच म्हणाले तर? तर थोडे दिवस वाईट वाटेल, आणि मग बघशील की तिघांपैकी निदान एक जण शनिवारी तुझ्याबरोबर जुनं मिशन खेळायला येतोय. मला तरी भावावर भरवसा आहे. पण चौघं चार गावांत असून दर आठवड्याला वेळ काढणारी माणसं एका पॅकवरून तुटतील असं तुझ्या पत्रातून वाटत नाही.

महिन्याने घ्यायचं ठरलं, तर घेण्याआधी तीन गोष्टी तपास. डीएलसी तुझ्याच प्लॅटफॉर्मचं आहे ना: पीसीवर घेतलेलं कन्सोलवर चालत नाही, क्रॉस-प्ले (वेगवेगळ्या मशीनवरून एकत्र खेळायची सोय) असला तरी. तुझ्या मूळ गेमच्या प्रदेशाशी ते जुळतं ना, कारण प्लेस्टेशनवर दुसऱ्या प्रदेशाच्या खात्यातून घेतलेली डीएलसी बऱ्याचदा मूळ गेमला लागतच नाहीत. आणि पैसे परत मिळायचे नियम. स्टीमवर डीएलसी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि त्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतं. प्लेस्टेशनवर डाउनलोड सुरू केलं की सहसा संपलं, म्हणून तिथे खरेदीनंतर लगेच डाउनलोडचं बटण दाबू नकोस. हे तुझ्या तिघांनाही सांग. स्टीमवरची प्री-ऑर्डर खेळायला सुरुवात करेपर्यंत रद्द करता येते, आणि कोण जाणे, तुझं ऐकून एखादा महागड्या आवृत्तीवरून साध्यावर येईलही.

आणि हो, एक्सपान्शन न घेणाऱ्यालाही त्या दिवशीचा मोठा अपडेट बहुधा डाउनलोड करावाच लागतो, नाहीतर आवृत्ती जुळत नाही म्हणून लॉबीत घेतच नाहीत. ड्राइव्हवर जागा करून ठेव आणि तो गुरुवारी रात्रीच लावून झोप.

— ताई